आक्कांचं ‘परत लावा’

रिपोर्ट हातात पडला की आक्का खिडकीशी जायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, कागद डोळ्यांजवळ धरायच्या आणि म्हणायच्या, “परत लावा.” म्हणजे तपासणी पहिल्यापासून पुन्हा करा. दिवसभर राबून काढलेला रिपोर्ट असायचा. आमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तुम्ही कधी दवाखान्यातल्या बाकावर रिपोर्टची वाट पाहत बसला असाल, तर तुम्हीही त्यांना मनातल्या मनात शिव्याच दिल्या असत्या.

कोल्हापुरातल्या आमच्या लॅबमध्ये किडनी देणारा आणि घेणारा एकमेकांना जुळतात का, ते बघतात. नुसता रक्तगट नव्हे, त्याच्या पलीकडची ओळख. शरीर जिच्यावरून आपलं-परकं ठरवतं ती. टिश्यू टायपिंग म्हणतात त्याला. ही ओळख अर्धी आईकडून येते, अर्धी बापाकडून. आक्का आमच्या प्रमुख. माहेर पार कर्नाटकच्या सीमेवरचं. मी कामाला लागलो त्याच दिवशी म्हणाल्या, “मॅडम-बिडम नको. आक्का म्हण.”

एकदा मलकापूरकडची एक बाई लेकाला किडनी द्यायला आली. तिच्या रिपोर्टात आईकडचा आणि बापाकडचा अशा दोन अर्ध्या भागांऐवजी एकच दिसत होता. दुसरा गेला कुठे? तपासणीत तो निसटला असेल, तर त्याच न दिसलेल्या अर्ध्यावर लेकाचं शरीर तुटून पडण्याचा धोका. आक्का दारात जाऊन उभ्या राहिल्या. नातेवाइकांच्या बाकापर्यंत त्या कधी जात नसत. जे विचारायचं ते दारातूनच, खणखणीत.

“मावशी, तुमच्या आईला मामाच्या घरात दिलती का?”

“व्हय की! मामाचाच पोरगा. घरची पोरगी घरात. पर तुमाला कुनी सांगितलं?”

“तुमच्या रक्तानं.”

सगळा बाक हसला. दोन्हीकडून एकच वारसा आला होता, म्हणून एकच दिसत होता. उलगडा झाला म्हणून आम्ही हुश्श केलं, तर आक्का आत येऊन म्हणतात, “परत लावा. ताजं रक्त घ्या. दिसंना म्हंजे न्हाय, असं नसतंय.”

आक्कांचा धाकटा भाऊ डायलिसिसवर होता. नृसिंहवाडीजवळ त्याची शेती. दवाखान्यात येताना आमच्यासाठी बासुंदी आणायचा. डबा टेबलावर ठेवून म्हणायचा, “मला बंद हाय. तुमी खावा, मी बघतो.” आणि खरंच समोर बसून बघायचा. आक्का रागवायच्या, तो हसायचा.

किडनी आक्काच देणार होत्या. त्यांचं रक्त मीच तपासणीला लावलं. रिपोर्ट पाहून मी हरखलो. आक्कांचाही एकच अर्धा दिसत होता, आणि तो भावातही होता. म्हणजे त्याच्या शरीराला परकं वाटावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं. याहून चांगला दाता त्याला मिळणारच नव्हता. त्यांच्या आईलाही मामाच्याच घरात दिलेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी धावतच कागद नेला. आक्का खिडकीशी गेल्या. चष्मा कपाळावर गेला.

“परत लावा. आणि पुण्यालाबी पाठवा, दुसऱ्या पद्धतीनं बघू द्यात.”

“आक्का, अहो, घरचं तुम्हाला माहीत आहे की!”

“हा रिपोर्ट मला लई आवडलाय रे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच.”

पुण्याचा रिपोर्ट यायच्या आतच भावाच्या छातीत जंतुसंसर्ग झाला. त्याला आयसीयूत नेलं, तो तिथून परत आला नाही. रिपोर्ट मागाहून आला. आमचा बरोबरच होता. डॉक्टरांनी आक्कांना समजावलं, प्रत्यारोपण समितीची परवानगीही अजून यायची होती, ऑपरेशन इतक्यात झालंच नसतं. “डोक्याला पटतंय हो, डॉक्टर,” आक्का म्हणाल्या. मला त्या दिवशी आमच्या कामाचाच संताप आला. तो बरोबर आलेला कागद फाडून टाकावासा वाटला.

सुतक फिटल्यावर आक्का कामावर आल्या. काही दिवसांनी राधानगरीकडच्या एका बहिणीचा रिपोर्ट निघाला. भावाला किडनी द्यायची होती, आणि एकच अर्धा दिसत होता. तो कागद आक्कांसमोर न्यायला कुणी धजेना. शेवटी मी नेला. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, नेहमीपेक्षा बराच वेळ. दारातून बाकावरची ती बहीण दिसत होती, भावाच्या जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. या वेळी आक्का सही करतील, असं मला वाटलं. खरं सांगतो, करावी असंच वाटत होतं.

“परत लावा,” त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत नव्हता.

मी ताजं रक्त घ्यायला बाहेर गेलो, तर आक्का माझ्या मागोमाग आल्या. दारात थांबल्या नाहीत. थेट बाकावर, त्या बहिणीला लागून बसल्या.

“लई वेळ लागंल का ओ, बाई?” तिनं विचारलं.

“लागंल जरा. मी हाय की इथं.”

संध्याकाळी रिपोर्ट निघेपर्यंत आक्का त्या बाकावरून उठल्या नाहीत.