एकसष्ट किलोमीटर, बाकावर बसून

श्रावणातल्या एका आठवड्यात मी मुलुंड-भांडुप-कांजूर पट्ट्यात एकसष्ट किलोमीटर धावलो आणि त्यातला बराचसा वेळ बागेतल्या बाकावर बसून होतो.

नववीत शाळा सोडून मी जतहून मुलुंडला आत्याकडे आलो होतो. (शाळा मी सोडली, असं घरचे सांगतात. शाळेचं म्हणणं थोडं वेगळं आहे.) आत्याने ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, वर समोरच्या इमारतीतल्या प्रधानसाहेबांकडे नोकरीसाठी शब्दही टाकला. त्यांचं मरोळला खेळाच्या सामानाचं दुकान. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि नाण्याएवढं एक यंत्र हातावर ठेवलं. ते बुटात, आतल्या गादीखाली सरकवायचं. किती धावलो, कुठे धावलो, सगळं थेट त्यांच्या मोबाइलवर.

"विकायच्या आधी तपासायचंय. रविवारपर्यंत रोज धाव. जमलं तर दुकानात ये. नाही जमलं तर गावाचं तिकीट काढ."

सोमवारी सकाळी मी धावलो. संध्याकाळी आत्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींना अजून दोन घरं करायची होती. आरती झाल्याबरोबर ते हातावर प्रसाद घेऊन, धोतर सावरत, दारातले बूट चढवून पळाले. श्रावणात त्यांना दम खायला सवड नसते.

मंगळवारी मला बूट चावायला लागले. धावल्याने पाय सुजतात, असं ऐकलं होतं. पण एका दिवसात इतके? लंगडत बाग गाठली, बाकावर बसलो, बूट काढून बोटं मोजली. दहा होती. आत्याला सांगावं तर ती डॉक्टरकडे नेणार, आणि तिला आणखी किती त्रास द्यायचा? संध्याकाळी प्रधानसाहेब फाटकाशी दिसले. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अकरा किलोमीटर. झकास."

मला वाटलं, टोमणा मारतायत. बुधवारी मी पुन्हा बाकावर बसलो. तेरा भरले! यंत्र बिघडलंय हे मला कळत होतं. पण ते माझ्या बाजूने बिघडलं होतं. आत्या कौतुकाने माझ्यासाठी बदाम भिजत घालायला लागली. मी ते खाली मान घालून खाल्ले.

शुक्रवारी प्रधानसाहेबांनी विचारलं, "भांडुपला सव्वा तास थांबतोस, कांजूरला सव्वा तास. करतोस काय रे तिथे?"

"दम खातो, साहेब."

"सव्वा तास?"

"गावाकडची सवय आहे."

शनिवारी मी अनवाणी बाकावर बसलेलो असताना त्यांचा फोन आला.

"कुठेयस?"

"बागेत, साहेब. धावतोय." (दोन-चार धापाही टाकल्या.)

"यंत्र म्हणतंय, तू पाऊण तास माझ्या घरी आहेस. माझ्याकडे पूजा चाललीय. मला तू काही दिसत नाहीस."

बूट हातात धरून मी त्यांचे चार मजले चढलो. (लिफ्ट आठवली नाही. त्या आठवड्यातला माझा मोठा व्यायाम तोच.) त्यांच्या दारात हुबेहूब माझ्या हातातल्यासारखे बूट होते, पांढरे, निळ्या पट्टीचे. स्टेशनबाहेरच्या एका हातगाडीवरून अर्धं मुलुंड असेच बूट घेतं. प्रधानसाहेबांनी एकाची गादी उचलली. खाली यंत्र. आत आत्याकडचेच गुरुजी खोटं बोलणाऱ्याचं काय होतं तो अध्याय सांगत होते.

मी तिथेच सगळं ओकून टाकलं: बाक, धापा, बदाम. "मी जातो गावाला, साहेब. पण आत्याला काही बोलू नका. तिने मनापासून शब्द टाकला होता."

पूजा आटोपून गुरुजी बाहेर आले, त्यांनी माझ्या हातातले बूट पाहिले. "तरीच म्हटलं, आठवडाभर ढगळ का होतायत. मला वाटलं, उपवासांनी पाय वाळले."

प्रधानसाहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "पाच दिवस दुसऱ्याचे बूट घालून हिंडलास आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. सोमवारपासून ये. बुटांच्या कपाटाशी उभा राहा. गिऱ्हाईकाला बूट चावला, तर दुकानात एकाला तरी कळेल."

आता गिऱ्हाईक विचारतं, तुम्ही स्वतः वापरलंय का हे यंत्र? मी हो म्हणतो. त्या एकसष्टांपैकी सोमवार सकाळचा दीड किलोमीटर खराखुरा माझा आहे. त्यातला शेवटचा अर्धा मात्र बागेच्या फाटकापासून मागे लागलेल्या कुत्र्याचा.