धुक्यात हात हलवणारे आजोबा

मंडळी, ओमानमधल्या सलालाहच्या हॉटेलातल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. आम्ही सुखरूप आहोत, पण मन थाऱ्यावर नाही.

दुपारी भर पावसात डोंगरातल्या एका गावाकडे निघालो होतो. धुक्यात रस्त्याकडेला एक ओमानी आजोबा जोरजोरात हात हलवत होते.

"लिफ्ट हवी असेल. गाडीत जागा कुठेय?" हे म्हणाले. मीही म्हटलं, "चला पुढे."

पुढच्याच वळणावर आमच्या गाडीने उंटाचं पिल्लू उडवलं. ते परत उठलंच नाही.

आजोबा धापा टाकत आले. वळणापलीकडे रस्त्यावर आलेले उंट त्यांचेच होते, म्हणून ते आम्हाला थांबवत होते. पिल्लाकडे जायच्या आधी त्यांनी मागच्या सीटवर रडणाऱ्या आमच्या मुलीकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "बच्ची ठीक है?"

मला मान वर करता येईना. काच खाली करून विचारायला कितीसा वेळ लागला असता हो?