आत्यानं पुसलेला कॅमेरा

धाकटीचं बालपण ओल्या चादरींखाली गेलं. खाली बापाची लाँड्री, वर घर. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरींचे ढीग सकाळी यायचे आणि पोरीचा पाळणा, दप्तर, तापातलं अंथरूण, सगळं त्याच वाफेत. अशा घरातल्या पोरीनं सिनेमा शिकायचं डोक्यात घेतलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "शीक. फक्त दिवे लावून माझ्या चादरी जाळू नकोस."

पहिल्या वर्षी तिनं सराव म्हणून वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढले आणि कौतुकानं घरी आणले. बाबांनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"ह्या कुणाच्या गं?"

"आपल्याच, बाबा."

"आपल्या? अगं, मळकट आहेत ह्या." त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा शिकवणाऱ्या बाईंनी उलगडा केला. "उजेड मोजणारा लाइटमीटर फार भोळा असतो. पुढ्यात चादर धर नाहीतर कोळसा धर, त्याला ते राखाडीच वाटतं. तो सांगेल त्यावर विसंबलीस तर चादर राखाडीच येणार. पांढरी हवी तर भिंग दोन घरं जास्त उघड. पण हात राखून. फार उघडलंस तर घड्या, चुण्या सगळं उडून जाईल आणि उरेल नुसता पांढरा डाग."

तेव्हापासून पांढरा रंग हा धाकटीच्या जिवाला लागलेला घोर झाला.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला प्रत्येकाला एकच रीळ मिळायचं, खऱ्या फिल्मचं. कॅमेरा कॉलेजचा, चावी देऊन चालणारा, जुना. काय टिपलं ते लॅबमधून धुऊन आल्याशिवाय कळायची सोय नाही. धाकटीनं विषय घेतला तो आत्या आणि बाबांचा. आत्या बाबांची थोरली बहीण. उभं आयुष्य दोघं समोरासमोर उभी राहून चादरी घडी करत आली. ओढायची, झटकायची, दोन पावलं पुढे यायचं, टोकं एकमेकांच्या हातात द्यायची. बोलणं नाही. बोलून उपयोगही नव्हता. यंत्रांच्या घरघरीत आत्याचे कान कधीच अधू झाले होते, कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं. आता तिचा मुलगा तिला आपल्याकडे, लांबच्या गावी घेऊन चालला होता. दुपारी निघायचं, म्हणून सकाळी धाकटीनं खिडकीपाशी कॅमेरा लावला.

मीटर आठ म्हणाला. आकडा जितका लहान तितकं भिंग जास्त उघडं, म्हणून धाकटीनं भिंगाची कडी दोन घरं फिरवून चारावर आणली आणि चावी दिली. बाबा पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखे ताठ.

"अरे, ओढ की," आत्या म्हणाली. "चादर आहे ती, नवरी नाही."

मग बाबांचे खांदे सैल पडले आणि दोघं कॅमेरा विसरली. एकामागून एक चादरी घडी झाल्या. शेवटच्या चादरीची टोकं भावाच्या हातात देताना आत्यानं आपले हात लगेच काढून घेतले नाहीत. बाबा खाली बघत राहिले. धाकटीनं तेवढं टिपलं, कॅमेरा थांबवला आणि आत्याची बॅग गाडीत ठेवायला धावली.

आत्याला निरोप देऊन ती कॅमेरा परत करायला गेली. पिशवीतून काढताना तिचं लक्ष भिंगाकडे गेलं. कडी चारावर नव्हती. पार दुसऱ्या टोकाला, सोळावर होती.

म्हणजे आपण उलटी फिरवली. उघडायच्या ऐवजी बंद केली. चादरी राखाडीसुद्धा नाहीत, काळ्या येणार. आणि आत्या तर निघून गेली.

कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. लॅबमधून रीळ यायला आठवडा लागणार होता. बाबा रोज विचारायचे, जसं गिऱ्हाईक त्यांना विचारतं तसं, "आल्या का आमच्या चादरी?"

"येतील."

"डाग बिग नाही ना?"

"बाबा, जेवा तुम्ही."

रिळं दाखवायच्या दिवशी सगळ्यांचे घरचे आले होते. बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. धाकटी मुद्दाम मागे, दाराशी. काळं पडलं तर निदान बाहेर सटकता येईल. दिवे गेले.

पडद्यावर चादर उलगडली. पांढरीशुभ्र. खिडकीचा उजेड तिच्यावरून ओघळत होता आणि एकेक चुणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. धाकटीनं दाराची कडी सोडली. ती तिथंच पायरीवर बसली. पडद्यावर आत्याचे हात भावाच्या हातांवर थांबले.

चित्र इथं संपायला हवं होतं. संपलं नाही. एक झटका बसला आणि अख्ख्या पडद्यावर आत्याचा चेहरा आला, अगदी जवळून, धुरकट, जीभ दातांत धरलेली. तिच्या हातात फडकं. ती भिंगाची कड घासून पुसत होती. तिचा अंगठा कॅमेऱ्याच्या बटणावर पडला होता आणि यंत्राची घरघर तिला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पुसता पुसता कडी फिरत गेली आणि आत्या हळूहळू अंधारत गेली, शेवटी नुसता चष्मा चमकला, मग तोही नाही.

दिवे लागले. पहिल्या रांगेत बाबा आधी हसले आणि मग रुमाल शोधू लागले.

"शेवटचा अंधार छान साधलास," बाई म्हणाल्या.

"मी नाही, आत्यानं साधला," धाकटी म्हणाली.

बाबा बाहेर पडता पडता एवढंच म्हणाले, "आपल्याच चादरी होत्या. लांबूनही ओळखल्या मी."

धाकटीनं तिथूनच आत्याला फोन लावला आणि ओरडून विचारलं, "आत्या, निघताना तू माझा कॅमेरा पुसलास?"

"मग? दुसऱ्याची वस्तू ना ती," आत्या म्हणाली. "धुळकट तशीच परत पाठवायची? लाँड्रीवाल्यांची ना गं तू?"