वेस्टाच्या घरच्या सत्तावीस गोळ्या

ओपल स्टिल्टनरला चौकशा करायची भारी खोड. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगारांच्या गावात, बायकांच्या वॉर्डात बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार म्हणा! गर्भाशय काढलेल्या प्रत्येकीला घरी जाताना दुखणं थांबवायला अफूच्या जातीच्या तीस जालीम गोळ्या मिळत. तीसच का, हे तिने एकदा डॉक्टरांना विचारलंच.

"पूर्वीपासून तेवढ्याच देतो. कमी पुरतात असं दाखव, कमी करतो."

ओपलने बावीस जणींना फोन लावून किती गोळ्या उरल्या ते विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "संपल्या गं बाई." म्हणजे तीसही लागतात! तिने तसं डॉक्टरांना कळवलं, पण मनाला काही पटेना.

शुक्रवारी ती कोंबडी-शेवयांचं भांडं घेऊन वेस्टा मलिन्सकडे गेली. वेस्टा शाळेपासूनची मैत्रीण, ऑपरेशनला नववा दिवस, आणि 'संपल्या' म्हणणाऱ्यांतलीच एक. कॉफीसाठी ओपलने डबा उघडला, तर आत गोळ्यांची बाटली. तिने मोजल्या. सत्तावीस.

"वेस्टा! फोनवर संपल्या म्हणालीस ना?"

"मग काय सांगू? आहेत म्हटलं की संध्याकाळपर्यंत अख्खं खोरं दारात. कुणाची पाठ, कुणाची दाढ, बाकीचे नुसते नशेसाठी. इथे कोणी फोनवर 'आहेत' म्हणतं का? तू काय न्यूयॉर्कहून आलीस?"

ओपलने कपाळावर हात मारून घेतला. इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि एवढं सुचू नये?

"म्हणजे तीनच घेतल्यास?"

"तीनच. पुढे साध्या तापाच्या गोळ्या नि गरम पाण्याची पिशवी. भागलं की."

"मग ह्या मला दे. पोलीस ठाण्यात उरलेली औषधं टाकायची पेटी आहे, तिच्यात टाकते. रविवारी केंड्रा येतेय ना?"

केंड्रा वेस्टाची मुलगी. याच गोळ्यांपायी नोकरी, संसार सगळं घालवून सात महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिलेली.

वेस्टाने कोचावर पडल्यापडल्याच बाटली हिसकावून घेतली. "आणि कळ आली तर? राहू देत. कुठे ठेवल्यात ते पोरीला थोडंच कळणार आहे!"

ओपलला तिचा राग आला आणि कीवही आली. ती काही बोलणार एवढ्यात बाहेर गाडी थांबली. केंड्रा दोन दिवस आधीच आली होती. वेस्टाची मूठ बाटलीसकट पांघरुणाखाली गेली.

"मॉम, बरी आहेस ना?" केंड्रा उंबऱ्यातच थांबली. "ऑपरेशन झालंय म्हणजे घरात गोळ्या असणार. कुठे आहेत ते मला सांगू नकोस. त्या घराबाहेर जाईपर्यंत मी गाडीत झोपते."

वेस्टाने बाटली काढून ओपलच्या हातात कोंबली.

"जा बाई," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा. माझी पोर बाहेर उभी आहे."