पाटावरचं गेट ड्राइव्ह

मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये जे वाईट होतं ते आपल्याच सोल्डरिंगमुळे होतं, असं माझं ठाम मत. तरीही हे लिहितोय... हसायचं तर हसा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. वसई पूर्वेला माझा आणि नंदाखालच्या डॉमनिकचा गाळा होता. कारखान्याच्या धुरातली धूळ पकडायला हाय व्होल्टेजचे झटके देणारं मशीन आम्ही बनवत होतो. झटके सोडतात मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि त्यांना 'आता चालू, आता बंद' असा हुकूम देतं ते गेट ड्राइव्ह कार्ड. परदेशी कार्ड परवडेना, म्हणून मीच फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळून स्वस्तातलं एक बनवलं. परिणाम – मॉसफेट लाह्यांसारखे फुटायचे!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामणचे पटेलशेठ मशीन बघायला येणार होते. नापास झालं तर गाळा बंद, आणि मी पुन्हा जुन्या साहेबाच्या दारात... ज्याला राजीनामा देताना मी नको नको ते ऐकवून आलो होतो.

दसऱ्याला यंत्रपूजा. हळद-कुंकवाची हौस माझ्यापेक्षा डॉमनिकला जास्त. म्हणाला, "मशीनच्या पेटीत कुंकू उडालं तर स्पार्क होईल रे. कार्ड काढ, त्याचीच पूजा करू." कार्ड पाटावर बसलं, वर झेंडूची फुलं.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. मी जीव मुठीत धरून स्विच दाबला... टक-टक-टक! स्कोपच्या पडद्यावर इतकी स्वच्छ वेव्हफॉर्म मी आयुष्यात पाहिली नव्हती. एकही मॉसफेट फुटला नाही. शेठ खूश. "टेम्पो खालीच आहे, आत्ताच घेऊन जातो!"

टेम्पो गेल्यावर मी शीळ घालत पूजा आवरायला घेतली. फुलं उचलली. कार्ड पाटावरच होतं.

"डॉम्या, तू दुसरं बसवलंस?"

"मला वाटलं तू हेच बसवलंस... दुसरं आहे कुठे आपल्याकडे?"

संध्याकाळी घाबरत शेठना फोन केला. "अरे, जोडलं पण! एकदम मस्त चालतंय!"

लीकेज म्हणा, ऑसिलेशन म्हणा, चोरट्या करंटच्या सगळ्या शक्यता मी कागदावर तपासल्या. तसंच दुसरं मशीन बिनकार्डाचं लावलं तर ढिम्म. पुढे कार्ड सुधारलं, गाळा तगला. पण ते पहिलं मशीन कशावर चालतंय, मला अजूनही माहीत नाही.

शेठ दरवर्षी सर्व्हिसिंगला बोलावतात. डॉमनिक जातो, छातीवर क्रूसाची खूण करतो, पेटी बाहेरूनच फडक्यानं पुसतो आणि परत येतो.