खडा निघाला

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायको डॉक्टर आहे म्हणून तिला नाही, आणि मित्र डॉक्टर नाहीत म्हणून त्यांना नाही — न सांगायला कारण हवं असलं की ते कुठल्याही बाजूनं सापडतं. तुमच्या बाबतीत मला ते सापडत नाहीये.

मी मुतखड्याचा डॉक्टर. बोरगाव मेघेत माझ्या दवाखान्यावर लेसरची पाटी आहे, आणि पाटी खोटी नाही. पण शिकत होतो तेव्हा याच लेसरवर माझा राग होता. कुठे शिकलो ते सांगत नाही. चूक त्या रुग्णालयाची नव्हती.

तिथे लेसर आलं तेव्हा त्याचं लोकार्पण झालं. मंडप, हारतुरे, यंत्रापुढे फोडलेला नारळ. प्रमुख पाहुणे भाषणभर त्याला ‘लेझीम’ म्हणत होते आणि दुरुस्त करायची कुणाची छाती नव्हती. शेजारी आमचं जुनं यंत्र उभं होतं. दाबलेल्या हवेच्या जोरानं एक बारीक सळई खड्यावर ठोके घालते, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला ठोक्या म्हणायचो. त्याला कुणी हार घातला नाही. मला वाटलं, आपण याची बाजू घ्यायची. प्रबंधाला विषयही तोच घेतला — मूत्रवाहिनीतला खडा फोडायला लेसर बरं की ठोक्या?

दोघांतला फरक सांगायलाच हवा. ठोक्या झपाट्यानं फोडतो, पण ठोक्यासरशी खड्याला मागेही ढकलतो. खडा नळीत खाली असेल तर काही बिघडत नाही. वर, किडनीजवळ असेल तर तो सटकून पुन्हा किडनीत जाऊ शकतो, आणि तिथपर्यंत आमची ताठ दुर्बीण पोचत नसे. लेसर वेळ घेतं, पण खडा जागच्या जागी कुरतडून त्याचा भुगा करतं. म्हणजे वरच्या खड्याला लेसर बरं. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण ज्याला हार घातलेत तेच बरं निघावं — हे मला सोसवत नव्हतं.

शोभाताई नाचणगावच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका, जिभेला धार. खडा उजवीकडे, बराच वर. कुणाला कोणतं यंत्र हे चिठ्ठी काढून ठरायचं. त्यांना ठोक्या आला. सुरुवातीच्या ठोक्यांतच खड्याची बारीकशी कपची उडाली आणि बाकीचा खडा दिसेनासा झाला. वर गेला. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे — लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून नळीत स्टेंटची बारीक नळी ठेवायची, रुग्णाला खरं सांगायचं, नंतर एक्स-रे काढून खड्याचा बंदोबस्त करायचा. मी स्टेंट ठेवला.

वॉर्डात त्यांनी विचारलं, “निघाला का जी खडा?”

मी म्हणालो, “निघाला.”

बघा, आपली भाषा किती मदत करते. दात निघाला म्हणजे हातात आला. पाहुणा निघाला म्हणजे वाटेला लागला. खडा निघालाच होता की — किडनीकडे! पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो, की मी खोटं बोललो नाही, फार तर व्याकरणाचा फायदा घेतला. एवढंच असतं तर बहुधा हे लिहायला बसलोच नसतो.

आमच्याकडे खडा हातात मिळावा लागतो. लोक तो बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवतात आणि आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवतात. शोभाताईंनीही हात पुढे केला. “मंग द्या ना मले. घरचे म्हणून राह्यले, बाईनं सुट्टीसाठी सोंग केलं.”

त्यांची ती कपची नखावर ठेवली तरी दिसली नसती. मी थिएटरमध्ये गेलो. तिथे सकाळच्या दुसऱ्या एका माणसाच्या खड्याचे तुकडे ट्रेमध्ये पडले होते. मी — इथे दरवेळी माझी लेखणी अडते — ते तुकडे इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि त्यांना नेऊन दिले. त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. “इवलासा तर हाय, अन् मले नाचवलं किती.” त्या हसल्या. मीही हसलो. शब्दाला दोन अर्थ असतात. त्या बाटलीला एकच होता.

स्टेंट वेळेवर काढला. एक्स-रे सांगितला नाही. का? खडा दिसला असता, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असतं आणि ठोक्याच्या यशातली एक केस कमी झाली असती. याहून मोठं कारण मला आजही सांगता येत नाही. प्रबंधात दोन्ही यंत्रं जवळपास सारखी ठरली. दिखाव्याला भुलला नाहीस, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली.

खडा पुढे पुन्हा नळीत उतरला आणि अडकला, फारशा कळा न देता. शोभाताईंची कंबर दुखायची. पुलगावच्या डॉक्टरांना खड्याचा संशय आला होता, पण बाईंनी पर्समधून बाटली काढून दाखवली. पुराव्यापुढे तेही काय बोलणार? गॅसच्या गोळ्या झाल्या, कमरेचा पट्टा झाला. शेवटी थंडी वाजून ताप भरला तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. उजव्या किडनीत पूच उरला होता. ती काढावी लागली. काढली सरांनी, समोरच्या बाजूला मी उभा होतो.

त्या अजून नाचणगावलाच आहेत, एका किडनीवर. चारचौघांत भेटल्या तर नमस्कार करतात.

पण त्या ऑपरेशननंतर त्यांना रुग्णालयातून सुट्टी मिळायची होती त्या दिवशीचं राहिलंच. नवरा पिशवी भरत होता. त्या पलंगावर बसून होत्या. आवाजात तक्रार नव्हती, वर्गात न सुटलेलं गणित विचारावं तसं त्यांनी विचारलं, “साहेब, खडा तर निघाला होता ना? मंग हा कुठून आला?”

किडनी गेली होती, ती मी देऊ शकत नव्हतो. उत्तर देऊ शकत होतो.

मी म्हणालो, “नवीन झाला असेल. पाणी कमी पिता का?”

त्या खाली बघत म्हणाल्या, “हो जी. शाळेत बायांसाठी धड संडास नाई. म्हणून सकाळपासून पाणीच नाई पीत मी.”

नवऱ्यानं पिशवी खाली ठेवली. “किती डाव सांगतलं हिले, पाणी पेत जाय म्हणून. आयकतच नाई,” तो मला म्हणाला.

“चूक माझीच हाय जी,” शोभाताई म्हणाल्या.

मी मान डोलावली, आणि यापुढे काळजी घ्या म्हणालो.