कोंडवाड्याची किल्ली

"आधी पाणी, मग पावती." आमच्या गावच्या कोंडवाड्याचा राखणदार शिवशंकरमामा जन्मभर हेच म्हणत आला. मोकाट जनावर आत आलं की त्याला आधी हौदावर न्यायचं, दंडाची पावती नंतर. किल्ली कायम त्याच्या करदोड्याला. ती त्याने कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

एका उन्हाळ्यात हौद आटला. बंजारा तांड्यावरच्या नानीबाईची तांबडी गाय आत, पार कोपऱ्यात बांधलेली. मामा कुलूप लावून पाणी आणायला कॅनॉलकडे गेला. इकडे नानीबाई भरली बादली घेऊन दाराशी आली आणि गजांना धरून हाका मारत राहिली. मामा घागर घेऊन परतला तेव्हा गाय संपली होती, आणि बादली तशीच भरलेली होती.

तेव्हापासून तांड्यातलं कुणी त्या दाराकडे फिरकलं नाही.

यंदा पंचायतीने त्याच कोंडवाड्याचं सांस्कृतिक भवन केलं. दगडी भिंती ठेवल्या, वर पत्रे चढवले, हौद बुजवून मंच बांधला. मामाने आपल्या हाताने भिंतींना चुना दिला. श्रावणात तांड्यातल्या पोरी तीजेची गाणी गाऊन भवन उघडणार, असं ठरलं. त्या भिंतींत एकदा गाणं ऐकावं, एवढंच मामाच्या मनात होतं.

पोरी आल्या, डोक्यावर गव्हाच्या कोवळ्या अंकुरांच्या टोपल्या. पुढे नानीबाई. ती दाराशी थांबली, तशी सगळी रांग थांबली.

"चला मावशी, लोक खोळंबलेत," सरपंच उद्धव म्हणाला.

"तो आत हाय का?"

"कोण?"

"किल्लीवाला."

"अहो, सगळा चुना त्यानंच दिलाय!"

"मंग चुनाच ऐकंल गाणं. तो आत, तर आमी भाईर."

"मावशी, किती वर्षं झाली त्याला..."

"गाय तुझी व्हती का?"

उद्धव दारातून बाजूला झाला.

मामा आतून आला. कुणी बोलावलं नव्हतं. करदोड्याची गाठ त्याला लवकर सुटेना. सुटली तशी त्याने किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

"आता काहून देऊन राहिला?" नानीबाई म्हणाली. "तवा पायजे व्हती."

"व्हय," मामा म्हणाला. "आत रांजण भरलाय. पोरी उन्हातून आल्यात. आधी पाणी..."

तो सोयाबीनच्या धुऱ्याने, बांधाबांधाने चालू लागला. पोरी आत गेल्या, रांजणाशी गलका झाला, मग गाणं उठलं. नानीबाई मात्र उंबऱ्याबाहेरच, त्याच्या पाठीकडे बघत होती. मामा वळणाआड गेला, तरी तिने मान वळवली नाही.